ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये



ह्या वेळी आम्ही उसाच्या जातीविषयी, ठिबकाविषयी किंवा उताऱ्याविषयी लिहीत नाही. लिहायचे आहे ते आपल्या घरातल्या पोरांच्या वाढत्या वजनाविषयी. विषय वाचून काही मंडळी कपाळाला आठ्या घालतील. साखर कारखान्याच्या पत्रिकेत ‘मुलांना साखर कमी द्या’ असे छापायचे, म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालायची, असेही कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्ही टाळणार नाही. त्याचा हिशेब पुढे पै-पैशाने मांडला आहे. पण आमचे मत आधीच सांगून टाकतो. मुलांच्या हातातल्या गोड बाटलीविरुद्ध आणि पुड्यांविरुद्ध साखर पिकवणाऱ्यानेच सर्वांच्या आधी बोलले पाहिजे. बोललो तर उसाचे फार काही बिघडत नाही. गप्प बसलो तर बिघडते ते आपल्याच घरात.

खात्यापित्या घरचं पोर

गुटगुटीत पोर म्हणजे घराची शोभा, अशी आपली जुनी समजूत. पूर्वी गावोगाव गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरत आणि बक्षीस मिळालेल्या पोराची आई आठवडाभर दृष्ट काढीत बसे. ह्या समजुतीला कारणही होते. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांना अंगावर मांस असलेले नातवंड पाहून समाधान वाटणारच. त्यात त्यांची काही चूक नाही.

पण बाळसे वेगळे आणि लठ्ठपणा वेगळा. दहाव्या-बाराव्या वर्षी पोराचे पोट सुटले, मानेवर काळपट वळ्या दिसू लागल्या, जिना चढताना धाप लागू लागली, तरी आजी म्हणते, “वाढत्या अंगाचं हाय, उंची आली की उतरंल आपोआप.” काहींचे उतरतेही. परंतु कुमारवयात जी मुले लठ्ठ असतात, त्यांतली बहुतेक मोठेपणीही लठ्ठच राहतात, असे ठिकठिकाणच्या पाहण्यांत दिसून आले आहे. मग रक्तातली साखर, रक्तदाब, यकृतावरची चरबी, गुडघ्याचे दुखणे हे सगळे पाठोपाठ येते. आपल्या पिढीला जे पन्नाशीत आले, ते ह्या पोरांना तिशीच्या आत गाठते.

हे श्रीमंत देशांचे किंवा पुण्या-मुंबईचे दुखणे आहे, असे समजून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ साली १.९ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ४.१ टक्के झाले, म्हणजे दुपटीहून जास्त. मोठ्या मुलांचे चित्र याहून कठीण आहे. २०२४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या मोजमापांचा अभ्यास छापून आला. त्याप्रमाणे भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुले १९९० साली ४ लाखांच्या आसपास होती, ती २०२२ साली सव्वा कोटीवर गेली. टक्केवारी अजून थोडी दिसते, हे खरे. पण फडात तांबेऱ्याचे दोन-चार ठिपके दिसले, तर सगळा फड लाल होण्याची वाट आपण पाहतो काय?

दिसायला बारीक, आतून चरबी

ह्या बाबतीत आपल्या महाराष्ट्राने जगाला एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपले बाळ पाऊण किलोने हलके. पण हा हलकेपणा मुख्यतः स्नायूंचा आणि अवयवांचा होता. चरबी मात्र बाळाने सांभाळून ठेवली होती.

ह्याच डॉ. याज्ञिकांनी २००४ साली आपला आणि आपल्या एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो छापला. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा इंग्रजाची ९.१ टक्के निघाली आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के.

ह्याचा अर्थ सभासदांनी नीट लक्षात घ्यावा. आपली जात पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेली. आईच्या पोटात कमी मिळालेले शरीर पुढे जे मिळेल ते साठवायला बसते. अशा शरीराला लहानपणापासून साखर आणि तळलेले जास्त मिळू लागले, तर थोड्या वजनावरही मधुमेह गाठतो. इंग्रजाच्या पोराला जेवढा लठ्ठपणा सोसेल, तेवढा आपल्या पोराला सोसत नाही.

म्हणून नुसत्या काट्यावर भिस्त ठेवू नये. घरच्या घरी करण्यासारखे एक माप सांगतो. पाच वर्षांवरच्या पोराची उंची सुतळीने मोजा. त्या सुतळीची बरोबर निम्म्यावर घडी घाला. ती घडी घातलेली सुतळी पोटावरून, बेंबीच्या जरा वरून, कमरेभोवती फिरवून पाहा. सुतळीची टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत, म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर पोराला डॉक्टरांना दाखवा. एवढ्याने रोग ठरत नाही, पण सावध व्हायला एवढे पुरते.

बदललं कुठं?

लोक विचारतात, “आम्ही काय कमी गोड खाल्लं? काकवीत भाकरी कुस्करून खाल्ली, गुऱ्हाळावर पोटभर रस प्यालो, आम्हाला काय झालं?” प्रश्न रास्त आहे. पण तेव्हा गुऱ्हाळ वर्षातून काही दिवस चाले. शाळा दोन-तीन मैलांवर होती आणि जाणे-येणे पायी होते. शाळेतून आले की दप्तर टाकून वैरणीला, पाणी धरायला, म्हशीमागे जायचे. आता दारात शाळेची गाडी येते. मोटार चालू करायला मोबाइल आहे. गावाजवळच्या मोकळ्या जागा प्लॉट पाडून संपल्या. आणि ज्या भागात उसात बिबट्याने ठाण मांडले आहे, तिथे दिवस मावळायच्या आत आई पोराला घरात घेते. तिला दोष कोण देणार? मग घरात बसलेल्या पोराच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात पुडा.

हा पुडा गावातल्या शेवटच्या टपरीपर्यंत पोचला आहे. पाच रुपयांची कुरकुरीत पुडी, दहा रुपयांची क्रीमची बिस्किटे, वीस रुपयांची रंगीत बाटली. पाहुणा आला तर त्यानेही खाऊ म्हणून हेच आणायचे. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, पेरू, बोरे आणणारा पाहुणा आता कंजूष ठरतो.

साखरेवरच सगळे खापर फोडण्याचे कारण नाही. तेल, मैदा, जागरण, बसून राहणे, घराण्यातला वारसा अशी अनेक कारणे आहेत. पण गोड पेयाची गोष्ट जरा निराळी आहे. ते चावावे लागत नाही, त्याने पोट भरल्यासारखे वाटत नाही, आणि वरून जेवण होतेच. ऊस दाताने सोलून खाणारे पोर दोन कांड्यांत दमते. तीच साखर बाटलीतून दोन मिनिटांत पोटात जाते.

गुळाचे नाव घेऊन सुटका करून घेणाऱ्यांनाही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेल्या मापात साखर, गूळ, काकवी, मध आणि फळांचा काढलेला रस हे सगळे एकाच हिशेबात धरतात. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी ह्यातून यावेत आणि पाच टक्क्यांच्या आत आले तर अधिक चांगले, असे ते माप आहे. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाकाठी साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चहाचे चमचे. लहान पोराला त्याहून कमी.

पाच माणसांच्या घराला हे माप लावले, तर महिन्याला पावणेचार किलो साखर होते आणि सैल माप धरले तर साडेसात किलो. त्यात चहा आला, गूळ आला, सणाचे गोडधोड आले आणि बाहेरून आणलेले पुडे-बाटल्याही आल्या. कारखान्याची सवलतीची साखर आपल्या घरी येते. तो सभासदाचा हक्क आहे आणि तो कमी करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ते पोते किती दिवस पुरते, हे घरातल्या बाईमाणसाला विचारून एकदा तरी हिशेब करावा.

बाटलीचा हिशेब

आता मूळ आक्षेपाकडे वळू. मुलांनी बाटली सोडली तर ऊसवाल्याचे किती बुडेल?

पाव लिटरच्या गोड थंड पेयात साधारण २६ ग्रॅम साखर असते. म्हणजे दिवसाचे सगळे माप एका बाटलीत संपले. १०.२५ टक्के उतारा धरला, तर एवढ्या साखरेला पाव किलो ऊस लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ह्याच उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. म्हणजे पाव किलो उसाचे झाले ९० पैशांच्या आत-बाहेर. त्यातूनही तोडणी-वाहतूक वजा व्हायची. बाटली वीस रुपयांची धरली, तर ऊस पिकवणाऱ्याच्या वाट्याला त्यातला रुपयाही येत नाही.

एखाद्या घरातले पोर रोज एक बाटली पिते असे समजा. वर्षाला घरातून गेले ७,३०० रुपये. त्या सगळ्या बाटल्यांना मिळून साखर लागली साडेनऊ किलो आणि ऊस एक क्विंटलसुद्धा नाही. त्याची एफआरपी सव्वातीनशेच्या आसपास. सव्वातीनशेचा ऊस खपावा म्हणून पोराला सात हजारांचे दुखणे विकत घ्यायचे, हा कोणत्या जातीचा व्यवहार? आणि पुढे त्या पोराला औषध सुरू झाले, तर दवाखान्याचे बिल काही बाटलीवाला भरणार नाही.

तरीही खरे ते सांगितले पाहिजे. देशात खपणाऱ्या साखरेतला निम्म्याहून अधिक भाग घरात न जाता बिस्किटे, मिठाई, शीतपेये बनवणाऱ्यांकडे जातो. ते आपल्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाईक कमी झाले तर दरावर परिणाम होतो. पण मुलांचे खाणे एका हंगामात बदलत नाही, आणि ह्या देशातला ऊस आता केवळ साखरेच्या पोत्यात जात नाही. २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने गाठला. सहवीज आहे, प्रेसमडपासून गॅस करण्याचे प्रकल्प उभे राहत आहेत. इथेनॉलही सरकारच्या मर्जीवर आहे, हे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले तेव्हा आपण पाहिलेच. तेव्हा झगडायचे असेल तर कायमच्या इथेनॉल धोरणासाठी झगडू, दरासाठी दिल्लीला जाऊ. कारखान्याचा ताळेबंद पोरांच्या पोटावर जुळवायचा, हे सहकाराला शोभणारे नाही.

लपवणाऱ्याचे काय होते

अमेरिकेतल्या साखरधंद्याची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथल्या साखर संशोधन प्रतिष्ठानाने हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांना पैसे देऊन एक लेख लिहवून घेतला. १९६७ साली तो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. हृदयविकाराचा दोष त्यात चरबीवर टाकला होता आणि साखरेचा दोष हलका केला होता. पैसे कोणी दिले याचा उल्लेख लेखात नव्हता. पन्नास वर्षांनी, २०१६ साली, जुना पत्रव्यवहार उजेडात आला आणि सगळ्या जगात नाचक्की झाली.

उलट मेक्सिको पाहा. तोही आपल्यासारखाच उसाचा देश. पोरासोरांच्या हाती सदा गोड पेयाची बाटली. २०१४ सालापासून तिथे गोड पेयावर लिटरला एक पेसो कर बसला आणि पहिल्या दोन वर्षांत त्याची खरेदी उतरली. ऊस मात्र तिथे आजही उभा आहे. चिलीने २०१६ पासून जास्त साखरेच्या पुड्यांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये २०१८ साली कर येणार म्हटल्यावर कंपन्यांनी आधीच पेयांतली साखर कमी केली.

आपल्याकडेही नियम आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ काढण्याचा निर्णय केला. २०२० च्या केंद्रीय नियमाप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कोणत्या पदार्थात किती साखर आहे, हे पोरांना दिसावे म्हणून. नियम कागदावर पक्के आहेत. पण मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर काय विकले जाते, ते ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन पाहावे.

दोन टोकांची पोरं

एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या पाहणीत जादा वजनाची मुले दुपटीने वाढलेली दिसली, त्याच पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ही दोन टोके आपल्या फडातच भेटतात. बांधावर मालकाचे पोर बाटली घेऊन उभे असते आणि कोपीवर टोळीचे पोर चहात बिस्किट बुडवून खात असते, कारण आई पहाटेच कोयता घेऊन गेलेली असते. एकाला जास्त मिळाले, दुसऱ्याला कमी, आणि दोघांच्याही हातात पुडा तोच. आज खुजे राहिलेले पोर उद्या चार पैसे हाती आल्यावर ह्याच पुड्यांवर वाढले, तर मधुमेह त्यालाच आधी गाठेल. म्हणून साखरशाळेतल्या पोराला डाळ, अंडे, शेंगदाण्याचा लाडू मिळणे आणि आपल्या पोराची बाटली सुटणे, ही दोन्ही कामे एकाच कामाची दोन टोके आहेत.

करायचे काय

घरात फार कडक कायदे करू नयेत. दिवाळीचा लाडू, पोळ्याची पुरणपोळी, गुऱ्हाळावरचा पेलाभर रस याला कोणी हात लावू नये. रोजची बाटली तेवढी बंद करावी. तहान लागली तर पाणी किंवा ताक द्यावे. खाऊसाठी शेंगदाणे, फुटाणे, हंगामी फळ ठेवावे. आणि मुख्य म्हणजे पोराला ‘ढोल्या’, ‘जाड्या’ म्हणून चारचौघांत हिणवू नये. हिणवल्याने पोर बारीक होत नाही, लपून खाते. मुलींच्या बाबतीत तर वयात आल्या की खेळ बंद, असा आपला रिवाज आहे. तो मोडला पाहिजे. दोरीवरच्या उड्या, कबड्डी, खो-खो हे त्यांचेही खेळ आहेत.

कारखान्याने करायच्या गोष्टी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठरावाच्या रूपाने याव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, कारखाना परिसरातल्या आणि आपल्या शिक्षण संस्थेच्या सर्व शाळांत वर्षातून दोनदा मुलांची उंची, वजन आणि कंबर मोजावी. आकडे फक्त आई-बापांना कळवावेत. दुसरी, ह्या शाळांच्या आवारात आणि फाटकाबाहेर नियमाप्रमाणे बंदी खरोखर पाळली जावी; जो टपरीवाला ऐकेल त्याला शेंगदाणे, फळे, उकडलेली अंडी ठेवायला मदत करावी. तिसरी, संध्याकाळी दोन तास शाळांची मैदाने दिवाबत्तीसह गावच्या पोरांना मोकळी ठेवावीत; बिबट्याच्या भागात तर ती अगत्याची गरज आहे. चौथी, साखरशाळेतल्या मुलांच्या पोषक खाऊसाठी तरतूद करावी. पाचवी, कारखान्याच्या समारंभांत मुलांना बाटल्या आणि पुडे वाटणे बंद व्हावे. ह्या सगळ्याला मिळून जो खर्च येईल, तो गळिताच्या शुभारंभाला उभारल्या जाणाऱ्या मंडपापेक्षा जास्त होईल असे वाटत नाही.

आपल्या वाडवडिलांनी शेअरचे पैसे दागिने मोडून भरले, ते पोरांचे बरे व्हावे म्हणून. त्या पैशातून कारखाने उभे राहिले, शाळा उभ्या राहिल्या, दवाखाने झाले. मुलांचे बरे होण्याचा अर्थ आता थोडा बदलला आहे, एवढेच. ठरावाला पाठिंबा असलेल्या सभासदांनी सभेच्या मुदतीपूर्वी आपली नावे गट ऑफिसात लेखी द्यावीत. विरोध असणाऱ्यांनीही मोकळेपणी लिहावे. त्यांची पत्रे आम्ही पुढील अंकात छापू.

कळावे,

संपादक मंडळ